अमावस्येला कुंड्या बदलाव्या का? सासूबाई नाही म्हणतात, व्हिडिओवाले हो म्हणतात

मोगरावाली (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार सगळ्यांना. आमचं घर खेड्यातलं, समोर ओटा आहे त्यावर माझ्या कुंड्या आहेत, मोगरा, जास्वंद, तुळस, मनीप्लांट, स्नेक प्लांट, शेवंती आणि माहेरून पान आणून लावलेलं ब्रह्मकमळ. मागं परसदारी थोडी जागा आहे तिथं बचत गटातून मिळालेलं भाजीपाल्याचं बियाणं टाकायचं आहे.

आता अडचण अशी की मोगऱ्याची आणि जास्वंदाची मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर आली आहेत, म्हणजे कुंडी बदलायलाच पाहिजे. मी मोबाईलवर बागकामाचे व्हिडिओ पाहते, त्यात सांगतात की पौर्णिमेनंतर चंद्र घटत जातो तसा झाडाचा रस मुळाकडे उतरतो, म्हणून कुंडी बदलणं, छाटणी, मुळा-गाजर लावणं हे सगळं अमावस्येच्या आधी उरकायचं, अमावस्येचा दिवस तर सगळ्यात चांगला, आणि चंद्र वाढायला लागला की पालेभाज्या आणि वेल लावायचे. सासूबाई म्हणतात अमावस्येला झाडाला हातच लावायचा नाही, तुळशीचं पान सुद्धा तोडायचं नाही. दोघंही चंद्राचंच नाव घेतात पण सांगतात अगदी उलट!

त्यात मागच्या उन्हाळ्यात जाऊबाईंनी जास्वंदाची कुंडी बदलली आणि आठवड्याच्या आत झाड वाळून गेलं, आणि त्या दिवशी नेमकी अमावस्या होती, तेव्हापासून आमच्या घरात हे पक्कंच झालं आहे. सासूबाईंचं मन मोडायचं नाही मला, पण खरं काय ते समजून घ्यायचं आहे. मृग लागायला आता थोडेच दिवस राहिले. कुंड्या कधी बदलू, आणि परसबागेत काय कोणत्या पंधरवड्यात टाकू? कोणी स्वतः करत असेल तर सांगा.


जुना_शेतकरी (कारंजा)

ताई तुमच्या सासूबाईचं ऐका, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाया जात नाही. आमच्याकडं आबाच्या आधीपासून असंच चालत आलं हाये, जे जमिनीखाली वाढते ते अंधाऱ्या पाखात अन जे जमिनीवर वाढते ते चांदण्या पाखात. कांद्याचं रोप, मुळा, हळद, रताळू हे पौर्णिमा झाली का मंग लावाचं. दोडके, कारले, काकडी, भोपळा यायचे आळे अक्षय तिजीले कराचे, ते वैशाखातलं चांदणं पाखच असते, अन त्या दिवशी लावलेला वेल पाऊस येईपर्यंत धरून ठेवला तं मांडवावर लवकर जाते, पोळ्याच्या आधी भाजी घरात येते.

अमावस्येले आम्ही औत धरत नाही, बैलाले जुंपत नाही. पोळा बी श्रावणातल्या अमावस्येलेच येते ना. आता गावात ट्रॅक्टर आले तरी अमावस्येले वखर चालत नाही आमच्या शिवारात. बैलाले एक दिवस आराम, सालदाराले आराम, वावराले आराम. हे मोडाव असं मले तं कधी वाटलं नाही. बांबू अन घराचं लाकूड मात्र अंधाऱ्या पाखातच तोडाचं, चांदण्यात तोडलेल्याले घुण लागते, हे मी माह्या डोळ्यानं पायलं हाये.

तुळशीचं म्हनाल तं ते देवाचं झाड हाये, त्याले महिन्यातले काही दिवस हात नाही लावला तं झाडाचंच भलं हाये.


वाफसा (अकोला)

ताई, मी कृषीचं शिकलो आहे आणि घरची शेती पण आहे, तेव्हा दोन्ही बाजूनं बोलतो. थोडं लांबेल.

आधी जाऊबाईंच्या जास्वंदाचं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४४-४५ वर जातो, ओट्यावर सिमेंटची झळ वेगळी. कुंडी बदलताना बारीक पांढरी मुळं तुटतात, पाणी ओढायचं काम तीच करतात. मुळं तुटलेली आणि पानं मात्र सगळी शाबूत, वरून लू, मग झाड पाणी ओढेल त्याहून जास्त पानातून उडतं आणि झाड वाळतं. त्या दिवशी पौर्णिमा असती तरी वाळलंच असतं. अमावस्या दर महिन्याला येते म्हणून कोणत्याही वाईट गोष्टीच्या जवळपास ती सापडतेच.

आता रस चढण्या-उतरण्याचं. समुद्राला भरती येते तर झाडातल्या पाण्याला का येणार नाही असं व्हिडिओत विचारतात. भरती दिसायला समुद्राएवढं पसरलेलं पाणी लागतं, तुमच्या शेततळ्यात भरती आलेली दिसत नाही. चंद्राची ही ओढ पृथ्वीच्या गुरुत्वाच्या साधारण एक कोटीव्या भागाएवढी असते. आणि अजून एक बघा, समुद्राला मोठी उधाणाची भरती पौर्णिमेला पण येते आणि अमावस्येला पण येते, कारण दोन्ही वेळा सूर्य-चंद्र एका रेषेत असतात. मग पौर्णिमेला रस वर आणि अमावस्येला रस खाली हे त्याच भरतीच्या नावानं कसं सांगणार? झाडात पाणी चढतं ते पानातून वाफ उडते त्या ओढीनं, म्हणजे ते काम सूर्याचं, दिवसा जोरात चालतं आणि रात्री जवळजवळ थांबतं.

चांदण्याचं पण तसंच. भर उन्हात १ लाख लक्स उजेड असतो, पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास. त्यावर पान अन्न बनवू शकत नाही.

तिसरी गोष्ट, मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. आपले शेतकरी पेरणीला नक्षत्र बघतात म्हणजे ते चंद्राची शेती करतात असा समज आहे, पण रोहिणी, मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रं सूर्याची आहेत. सूर्य मृगात जातो तो दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच, एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवस. तिथी मात्र सरकते, कारण चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याच्या वर्षापेक्षा ११ दिवस कमी, आणि ते भरून काढायला अधिक महिना टाकावा लागतो. अक्षय तृतीया २०२३ ला २२ एप्रिलला होती, २०२४ ला १० मेला. त्याच २०२३ मध्ये अधिक श्रावण आला म्हणून पोळा थेट १४ सप्टेंबरला गेला. पाऊस काही तिथीबरोबर असा मागं-पुढं होत नाही. म्हणून पूर्वीच्या लोकांनी पेरणी सूर्याच्या नक्षत्राला बांधली आणि सण चंद्राच्या तिथीला बांधले, मला तर हे फार विचारानं केलेलं वाटतं.

कृषी विद्यापीठवाले पण तेच सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन ओली झाल्याशिवाय पेरू नका. आपल्या भारी काळ्या जमिनीत पावसानंतर वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, यायला तीन-चार दिवस लागतात आणि आला की लवकर निघून पण जातो. तिथी चांगली येईपर्यंत थांबलात तर एकतर चिखल होतो नाहीतर वरचा थर वाळून बी वर येत नाही.


जुना_शेतकरी (कारंजा)

वाफसा भाऊ, पेरणीचं तुमचं बरोबर हाये. सोयाबीन, पराटी (कापूस), तुरीले आम्ही बी तिथी पाहत नाही, पाऊस पाहतो अन ढेकूळ हातात दाबून पाहतो. तिथीचं आहे ते वाडीतल्या भाजीपाल्याचं, जिथं घरचं पाणी हाये अन दोन-चार दिवस इकडं-तिकडं झालं तं बिघडत नाही. मृगाचं सूर्याचं हाये हे मले मालूम हाये, पण आजकालच्या पोरायले नाही, हे सांगितलं ते चांगलं केलं.


पराटीवाला (राळेगाव)

चंद्राचं काहीच नाही असं म्हणू नका भाऊ, कापसात अमावस्या पाहावीच लागते. पण ती झाडासाठी नाही, अळीसाठी.

बोंडअळीचा पतंग रात्रीचा फिरतो. अंधाऱ्या रात्री अमेरिकन बोंडअळीची मादी अंडी जास्त घालते हे कापसाच्या अभ्यासात पण दिसलेलं आहे. अंड्यातून अळी निघते तीन-चार दिवसात, अन तीच वेळ असते तिला मारायची, मोठी झाल्यावर औषध लागू पडत नाही. गुलाबी बोंडअळी तर निघाली की थेट बोंडात शिरते, मग वरून कितीही मारा. म्हणून आमच्याकडं अमावस्येच्या आसपास सगळे पराटीत चक्कर मारतात. शेजारचे काका प्रकाश सापळा लावतात, पौर्णिमेला त्यात पतंग फार कमी पडतात, ते म्हणायचे कीड गेली. कीड तिथंच असते, चांदण्यात सापळ्याच्या दिव्याचा जोर कमी पडतो एवढंच. म्हणून आम्ही कामगंध सापळे लावतो, ते वासावर चालतात, एकरी दोन, अन ल्यूर (वासाची गोळी) महिन्याच्या आत बदलतो. सलग तीन रात्री दर सापळ्यात सरासरी आठ पतंग पडले किंवा वीस हिरवी बोंडं फोडून दोनात अळी सापडली तरच फवारणी, आणि डोमकळी (अळी शिरल्यानं न उमललेली, गुलाबासारखी दिसणारी कळी) दिसली की तोडून नष्ट करायची.

हे एवढं लिहायचं कारण आहे. काही लोक अमावस्या आली म्हणजे फवारा मारायचाच असं करतात, न बघता. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी अन शेतमजूर गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलं, ती घरं अजून सावरली नाहीत. अमावस्या ही वावरात जाऊन पाहायची तारीख समजा. मारायचं का नाही ते बोंड फोडल्यावरच ठरवा.

ताई तुमच्या परसबागेत पण भेंडीला, टमाटरला ही अमेरिकन बोंडअळी येते, तेव्हा अमावस्येच्या दोन-तीन दिवसांनी पानाखाली अन कळ्यांवर नजर टाकत जा, हातानं वेचल्या तरी काम होते.


सेलूची_वाडी (वर्धा जिल्हा)

मी जैविक भाजीपाला करते आणि चंद्राचं पंचांग भिंतीवर लावून करते, म्हणून माझं पण ऐका.

ताई, तुमच्या व्हिडिओत दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. चंद्र वाढता-घटता हे एक, ते चक्र साडेएकोणतीस दिवसांचं, अमावस्या ते अमावस्या. चंद्र चढता-उतरता हे दुसरं, ते सव्वासत्तावीस दिवसांचं, आणि त्याचा कलेशी काही संबंध नाही. चंद्र रोज पूर्वेला कुठून उगवतो ते ओट्यावर बसून पाहा, पुढच्या काही दिवसांत उगवायची जागा उत्तरेकडं सरकत गेली तर तो चढता, दक्षिणेकडं सरकली तर उतरता. बायोडायनॅमिक शेतीवाले रोप लावणं, कुंडी बदलणं उतरत्या चंद्रात सांगतात, आणि उतरता चंद्र कधी शुक्लपक्षात येतो कधी वद्यात. व्हिडिओवाले दोन्ही एकच समजून सांगतात म्हणून सगळा गोंधळ.

ही पद्धत ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ मध्ये दिलेल्या व्याख्यानांवरून सुरू झाली, पुढं जर्मनीतल्या मारिया थुन यांनी चंद्र कोणत्या राशीसमोर आहे त्यावरून मुळाचे, पानाचे, फुलाचे आणि फळाचे दिवस ठरवले. म्हणजे मुळ्याला मुळाचा दिवस, पालकाला पानाचा. आपल्याकडं त्याच्याही कितीतरी आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिरानं बृहत्संहितेत झाडं लावायची नक्षत्रं दिली आहेत, रोहिणी, हस्त, चित्रा, पुष्य, श्रवण वगैरे, आणि ती चंद्राचीच. त्याच अध्यायात दोन झाडांतलं अंतर पण दिलंय, वीस हात उत्तम, सोळा मध्यम, बारा कमीत कमी, नाहीतर मुळं एकमेकांत गुंततात आणि फळ नीट धरत नाही. वीस हात म्हणजे तीस फूट, आज आंबा १० मीटरवर लावा म्हणतात ते जवळजवळ तेच झालं. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

वाफसा दादांचं भरतीचं बोलणं मला पटतं, रस चढतो-उतरतो असं मी पण कोणाला सांगत नाही. मी पंचांग पाळते ते वेगळ्या कारणानं. भाजीवालीला सगळ्यात मोठा त्रास म्हणजे सगळी मेथी एकदम येणं आणि मग दोन आठवडे काहीच नसणं. पानाचे दिवस महिन्यात थोड्या थोड्या अंतरानं येतात, त्या त्या दिवशी मी मेथी, पालक, सांबाराचा (कोथिंबिरीचा) एकेक वाफा टाकते, त्यामुळं बाजारात माझी जुडी कधी तुटत नाही. मुळाच्या दिवशी खुरपणी अन खत, फुलाच्या दिवशी झेंडूचं काम. घरची, वाडीची, पोरांची कामं सांभाळताना असं ठरलेलं असलं की काही सुटत नाही. आणि पाऊस पडून वाफसा आला की मी पंचांगाकडं बघतच नाही, सरळ बी टाकते.


वाफसा (अकोला)

सेलूच्या ताई, तुमचं एकेक वाफा टाकायचं कारण खूप पटलं, हे कोणत्याही भाजीवाल्यानं करावं असं आहे.

मोगरावाली ताई, तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर हिवाळ्यात मेथीवर पाहा, ती तीन-चार दिवसात उगवते आणि महिन्याभरात हातात येते. सारख्या आकाराचे डबे, एकाच ढिगाची माती, एकाच पुडीतलं बी मोजून, एकाच ओळीत ठेवायचं, पौर्णिमेला दोन डबे आणि अमावस्येला दोन डबे. एका महिन्यावर काही ठरवू नका, कारण पंधरा दिवसात थंडी बदलते आणि उगवण थंडीनं मागं-पुढं होते. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत करत राहा आणि वहीत किती उगवले ते लिहा. सासूबाईंनाच मोजायला बसवा, त्यांना पण आवडेल. घटस्थापनेला आपण घटात गहू टाकतो ते सुद्धा बियाणं कसं उगवतं ते घरात बसून पाहणंच आहे.

आणि शेवंतीबद्दल एक सांगायचं राहिलं. शेवंतीला फुलं यायला मोठी अखंड अंधारी रात्र लागते. चांदण्याचा तिला फरक पडत नाही पण ओट्यावरचा रात्रभर चालू असलेला बल्ब किंवा समोरचा पथदिवा तिला चांगला कळतो, फूल लांबतं. कुंडी पावसाळा संपला की दिव्यापासून दूर ठेवा.


मानवेल (धानोरा, गडचिरोली)

बांबूवर कोणी बोललं म्हणून लिहितो. जुना शेतकरी काकाजी, आमच्याकडं पण अंधाऱ्या पाखात तोडतात, आणि आम्ही ते पाळतो. पण घुण कशानं लागतो ते बघा. तो भुंगा बांबूतलं पीठ खातो, स्टार्च. पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोंब) निघायच्या वेळी बेटात हे पीठ भरपूर असतं कारण नवीन कोंबाला पोसायचं असतं. दिवाळीनंतर ते कमी होतं. म्हणून दिवाळी ते होळीच्या मधात तोडायचं, तीन वर्षांच्या वरचा पक्का बांबूच तोडायचा, कोवळा ठेवायचा, आणि तोडल्यावर दोन-तीन आठवडे नाल्याच्या वाहत्या पाण्यात दाबून ठेवायचा म्हणजे उरलेलं पीठ धुऊन निघतं. पाण्यातून काढल्यावर उभा करून सावलीत वाळवायचा. अंधाऱ्या पाखात तोडलेला पण भर पावसाळ्यातला आणि न भिजवलेला बांबू घुणानं पोखरतोच, छपरीतून पिवळं पीठ पडायला लागतं. महिना आधी पाहा, पाख नंतर.


मोगरावाली (दारव्हा तालुका, यवतमाळ)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सगळं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. रात्री सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. जास्वंदाचं कारण ऐकून त्या म्हणाल्या की हो, उन्हाळ्यात तर आम्ही वांग्याचं रोप पण दिवसा लावत नव्हतो, दिवस मावळल्यावर लावायचो. अमावस्येला मी कुंड्यांना हात लावणार नाही, त्यांचा तो एक दिवस पाळायला मला काहीच अडचण नाही, बाकीचे दिवस आहेतच की. जुना शेतकरी काकांचं बैलांच्या आरामाचं ऐकून त्यांना फार बरं वाटलं.

आता एवढं सांगा, मग कुंड्या नेमक्या कधी आणि माती कशी? आमच्याकडं नुसती काळी माती आहे, उन्हाळ्यात कुंडीत तडे जातात आणि पाणी टाकलं की खालून लगेच निघून जातं, झाड तहानलेलंच राहतं. आणि मोगरा आता फुलावर आहे.


कलमवाला (शेंदूरजना घाट, वरूड)

ताई, आमचा संत्र्याच्या कलमांचा धंदा आहे, रोप एका पिशवीतून दुसरीत टाकणं हेच आमचं रोजचं काम, म्हणून सांगतो.

आता अजिबात करू नका, कोणतीही तिथी असो. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस पडू द्या, हवेत ओल आली, रात्र थंड झाली की मग संध्याकाळी करा. जास्वंद आधी करा. वरच्या फांद्या एक तृतीयांश छाटा म्हणजे तुटलेल्या मुळांवर पानांचा भार राहत नाही, आणि त्या छाटलेल्या फांद्या पावसात लावल्या तर नवीन रोपं होतील. मोगरा फुलावर असताना हलवू नका, फुलं संपली की जुलैमध्ये करा. त्याची मोठी छाटणी डिसेंबर-जानेवारीत, छाटणीच्या आधी थोडे दिवस पाणी तोडायचं, मग उन्हाळ्यात कळ्या भरून येतात. आम्ही संत्र्याला बहार धरायला ताण देतो, मोगऱ्याचं तसंच आहे. मनीप्लांट केव्हाही चालतो. स्नेक प्लांटला पावसाळ्यात ओट्याच्या आत ओढा, पावसाच्या पाण्यानं त्याचं मूळ सडते.

काळी माती वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून निघून जाते, तुमच्याकडं तेच होत आहे. एक टोपलं काळी माती, एक टोपलं वाळू किंवा बारीक मुरूम, एक टोपलं जुनं कुजलेलं शेणखत. कच्चं शेण टाकू नका, हुमणी अन उधळी (वाळवी) येते. भंडाऱ्या-गोंदियाकडचे लोक धानाचं तूस टाकतात, मिळालं तर तेही चांगलं, माती मोकळी राहते. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवा. लावल्यावर भरपूर पाणी, मग आठ-दहा दिवस सावलीत, लगेच उन्हात नाही.

अन उन्हाळ्याचे हे राहिलेले दिवस काढायला ओट्यावर हिरवी नेट बांधा, पन्नास टक्के सावलीवाली. कुंड्या एकमेकीला चिकटवून ठेवा. कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, पानं करपतात, आणि कूलरच्या टाकीत खाली उरलेलं पाणी कुंडीत टाकू नका, पाणी उडून जाते अन खार तेवढा मागं राहतो, बोअरचं पाणी असलं तर जास्तच.


मोगरावाली (दारव्हा तालुका, यवतमाळ)

अरे देवा, कूलरचं पाणी तर आमच्याकडं सगळेच कुंड्यांना टाकतात! आजच सांगते सगळ्यांना. दादा, ब्रह्मकमळाचं सांगायचं राहिलं, ते पौर्णिमेलाच फुलते म्हणतात ना? आणि जास्वंदावर पांढरं कापसासारखं चिकट काहीतरी आलं आहे.


कलमवाला (शेंदूरजना घाट, वरूड)

ब्रह्मकमळ रात्री फुलते हे खरं, पण पौर्णिमेलाच असं काही नाही. कळी आली की ती वाढून खाली झुकते अन मग टोक वर उचलते, फुगली की समजा आज-उद्या रात्री उमलणार, कोणतीही तिथी असो. पावसाळ्यात येते, सकाळपर्यंत मिटते. त्याला कडक ऊन नको, सकाळचं कोवळं पुरते, आणि कुंडी थोडी लहानच राहू द्या, ती बदलायची घाई नको.

जास्वंदावरचं ते पिठ्या ढेकूण आहे. आधी पाण्याची जोरात धार मारून धुऊन काढा, जास्त असलेली टोकं कापून जाळा. मग एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल अन थोडं भांडे घासायचं साबण नीट घोळून संध्याकाळी फवारा, पानाच्या खालून, आठ दिवसांनी परत. मुंग्या चढत असतील तर त्यांचा रस्ता बंद करा, त्याच त्याला एका फांदीवरून दुसरीवर नेतात. आणि पाऊस लागला की कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्या पडायला लागतील, त्या गोळा करून गर धुऊन सावलीत वाळवून ठेवा. भाजीपाल्यासाठी घरचा अर्क करता येईल, पाच किलो वाळलेल्या निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी गाळून एकूण शंभर लिटर पाणी करायचं. तुमच्या परसबागेला एवढं लागणार नाही, पन्नास ग्रॅमला एक लिटर या मापानं करा आणि त्याच दिवशी वापरून टाका.